दहा वाजायच्या आत

इंडियन एनर्जी एक्स्चेंजवर उद्या लागणाऱ्या विजेची बोली रोज सकाळी १० ते दुपारी १२ या दोन तासांत लागते. वीज घेणाऱ्याने उद्याच्या चोवीस तासांचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यात किती मेगावॅट हवे, कोणत्या भावापर्यंत हवे ते कळवायचं. बारा वाजले की त्या दिवसाचा बाजार बंद. ठरलेल्या वेळापत्रकापेक्षा ग्रिडमधून कमी-जास्त वीज ओढली तर त्या फरकाचे पैसे वेगळे मोजावे लागतात आणि फरक मोठा असेल तर ते चांगलेच झोंबतात. म्हणून उद्याच्या मागणीचा अंदाज दहाच्या आत टेबलावर लागतो. दहा ते बारा हा वेळ माणसांचा: भाव ठरवायला, आकडे नजरेखालून घालायला, एखादा आकडा खटकला तर बदलायला. साडेबाराला आलेला अंदाज कितीही अचूक असला तरी त्या दिवशी कुणाच्याच उपयोगाचा नाही.

आता असा अंदाज देणारं मशीन लर्निंगचं मॉडेल समजा एखाद्या वीज वितरण कंपनीने बसवलं आहे. मागची काही वर्षं कोणत्या वेळी किती वीज लागली, तेव्हा तापमान आणि आर्द्रता किती होती, वार कोणता होता, सुट्टी होती का, हे त्याला शिकवलेलं आहे. मशीन लर्निंगबद्दल जे लिहिलं-बोललं जातं ते बहुतेक या मॉडेलबद्दल. प्रत्यक्षात मॉडेल हा सगळ्या व्यवस्थेतला लहानसा भाग असतो. गूगलच्या डी. स्कली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५मध्ये एक शोधनिबंध लिहिला. त्यातली एक आकृती या क्षेत्रात फार प्रसिद्ध झाली: मधोमध ‘मशीन लर्निंगचा कोड’ असा एक छोटा काळा चौकोन आणि त्याच्याभोवती डेटा गोळा करणं, तो तपासणं, यंत्रं सांभाळणं, देखरेख ठेवणं असे मोठमोठे चौकोन. डेटा आणण्यापासून अंदाजाचा तक्ता हवाली करण्यापर्यंतच्या या साऱ्या टप्प्यांच्या साखळीला पाइपलाइन म्हणतात. तिचा एकेक टप्पा लिहिणं फारसं अवघड नसतं. ती कधी सुरू व्हावी, कुणाच्या सांगण्यावरून व्हावी आणि सुरू होण्याआधी काय काय जागेवर असायला हवं, इथे मात्र भल्याभल्यांची दमछाक होते.

सगळ्यात जुनं उत्तर घड्याळाचं. युनिक्स या संगणकप्रणालीत १९७९च्या सातव्या आवृत्तीपासून ‘क्रॉन’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम आहे. पुढे १९८७मध्ये पॉल विक्सी यांनी तो नव्याने लिहिला आणि आज लिनक्सवर जे क्रॉन भेटतं ते बहुतेक त्याच घराण्यातलं. त्याला पाच रकान्यांची एक ओळ द्यायची: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. ज्या रकान्याला बंधन नाही तिथे चांदणी. ‘३० ८ * * *’ म्हणजे रोज सकाळी साडेआठला. संगणकावर अर्थात इंग्रजी आकडे घालायचे. चाळीसहून अधिक वर्षं झाली, भाषा आल्या आणि गेल्या, पण या पाच रकान्यांना कुणी हलवू शकलेलं नाही. अत्याधुनिक क्लाउड सेवांच्या वेळापत्रकातही हीच ओळ थोड्याफार फरकाने भेटते.

पण ही ओळ दिसते तितकी सरळ नाही. दुसऱ्या शनिवारचंच बघा. १ सप्टेंबर २०१५पासून बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. समजा एखादं काम फक्त दुसऱ्या शनिवारी चालवायचं आहे. दुसरा शनिवार नेहमी ८ ते १४ तारखेच्या दरम्यान येतो, म्हणून कुणीही तारखेच्या रकान्यात ‘८-१४’ आणि वाराच्या रकान्यात शनिवार लिहील. क्रॉन मात्र तारीख आणि वार या दोन्ही रकान्यांवर बंधन असेल तर दोहोंपैकी एक जुळलं तरी काम चालवतं. परिणामी ते काम ८ ते १४ तारखेपर्यंत रोज चालेल आणि शिवाय महिन्यातल्या प्रत्येक शनिवारी. हे दस्तऐवजात लिहिलेलं आहे. ते वाचण्याची वेळ मात्र बहुतेकांवर काम भलत्याच दिवशी चालल्यानंतर येते.

दिवाळीचं तर विचारूच नका. लक्ष्मीपूजन २०२२मध्ये २४ ऑक्टोबरला होतं आणि २०२३मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे १२ नोव्हेंबरला गेलं. कारखाने बंद असल्याने त्या दिवसांत औद्योगिक मागणी उतरते. अंदाज करणाऱ्याच्या दृष्टीने ते वर्षातले सगळ्यात बेभरवशाचे दिवस. पाच रकान्यांना तिथी कळत नाही. त्यासाठी सणांचा वेगळा तक्ता ठेवावा लागतो आणि तो दरवर्षी पंचांग बघून कुणीतरी माणसाने भरावा लागतो. ज्या पाइपलाइनला अभिमानाने ‘पूर्ण स्वयंचलित’ म्हटलं जातं तिच्या पोटात असा एखादा हाताने भरलेला तक्ता हमखास सापडतो.

त्याहून चिवट घोटाळा आपल्या अर्ध्या तासाचा. बहुतेक सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. सकाळी आठचं काम सर्व्हरवर रात्रीचे अडीच म्हणून लिहावं लागतं. ‘पाच तास वजा करा’ असं म्हणणाऱ्याचं काम साडेआठला चालतं. ही चूक निदान लवकर दिसते. खरी चूक तारखेत लपलेली असते. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत भारतात तारीख बदललेली असते, सर्व्हरवर नसते. पहाटे पाचला चाललेल्या कामाने सर्व्हरला ‘उद्याची तारीख दे’ म्हटलं तर त्याला आपली आजची तारीख मिळते. अंदाज तयार होतो, ९६ ओळी भरतात, कुठेही लाल दिवा लागत नाही. फक्त तो अंदाज ज्या दिवसाचा असतो तो दिवस उजाडलेलाच असतो.

एक किरकोळ गोष्ट सांगून टाकतो. वेळ ठरवताना माणसाचा हात आपोआप पूर्ण तासाकडे जातो: मध्यरात्र, दोन, सहा. सगळ्यांचाच जातो, त्यामुळे त्या मिनिटाला सर्व्हरवर झुंबड उडते. गिटहबची वेळापत्रकी सेवा तर आपल्या दस्तऐवजात उघडच सांगते, की तासाच्या सुरुवातीला गर्दी असते, काम उशिरा सुरू होऊ शकतं, दुसरं मिनिट निवडा. जेनकिन्स या प्रणालीत मिनिटाच्या जागी एक विशेष अक्षर लिहिलं की ती स्वतःच प्रत्येक कामाला वेगवेगळं मिनिट वाटून देते. सात वाजून सतरा मिनिटं ही वेळ विक्षिप्त वाटली तरी शहाणी आहे.

घड्याळाची मोठी अडचण वेगळीच आहे. ते वाजतं तेव्हा लागणारा माल आलेला आहे की नाही हे त्याला ठाऊक नसतं. मागणीच्या अंदाजाला हवामानाचा अंदाज लागतो. अमेरिकेच्या हवामान संस्थेचं जीएफएस हे जागतिक मॉडेल दिवसातून चार वेळा चालतं आणि त्याचे निकाल जगभर कुणालाही फुकट मिळतात. त्याच्या चार वेळा भारतीय घड्याळात पहाटे साडेपाच, सकाळी साडेअकरा, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री साडेअकरा अशा पडतात. पहाटे साडेपाच ही झाली निरीक्षणांची वेळ. मॉडेल चालून पहिल्या फाइली बाहेर पडायला साधारण साडेतीन तास जातात. म्हणजे नऊ वाजतात. त्यापुढे एकेका तासाच्या अंदाजाची एकेक फाइल येत राहते. आपल्याला उद्या मध्यरात्रीपर्यंतचं हवामान हवं, म्हणजे साडेपाचपासून मोजलं तर साधारण ४३ तास पुढचं. ती शेवटची फाइल यायला आणखी थोडा वेळ जाणार. आणि दहाला तक्ता टेबलावर हवा.

पाइपलाइन नऊला सुरू केली तर फाइली अर्ध्याच असतील. साडेनऊला केली तर बहुधा सगळ्या असतील, पण ‘बहुधा’वर रोजची बोली लावता येत नाही. म्हणून दुसरं उत्तर पुढे येतं: घड्याळाला विचारूच नका, माल आला की सुरू करा. ही कल्पनाही जुनीच आहे. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६मध्ये ‘मेक’ नावाचं साधन लिहिलं. एखादी फाइल ज्या फाइलींपासून बनते त्या तिच्याहून नव्या असतील तर ती पुन्हा बनव, नाहीतर हात लावू नकोस, इतकंच त्याचं तत्त्व. काम सुरू करून देणाऱ्या खुणेला ट्रिगर म्हणतात; आजच्या डेटा-आधारित ट्रिगरचं ते आजोबा म्हणायला हरकत नाही.

माल आला हे कळायचे मार्ग दोन. एक, पाइपलाइनने दर काही मिनिटांनी जाऊन बघायचं. अशा टेहळणी करणाऱ्या टप्प्याला सेन्सर म्हणतात. दोन, जिथे माल येतो त्या कोठाराने स्वतःहून निरोप धाडायचा. दुसरा मार्ग आधुनिक आणि सुटसुटीत वाटतो. फाइल बाहेरच्या संस्थेकडून येत असेल तर मात्र पहिल्याला पर्याय नाही, कारण परक्या कोठाराने आपल्याला निरोप धाडावा अशी सोय क्वचितच असते. दोन्ही मार्गांत मेख एकच: ‘आला’ म्हणजे काय? पहिली फाइल आली म्हणजे माल आला नव्हे. मोठी फाइल उतरत असताना अर्धवट अवस्थेतही ती यादीत दिसू शकते. हडूप या प्रणालीने यावर केलेला उपाय मला फार आवडतो. सगळं लिहून झालं की सगळ्यात शेवटी ‘सक्सेस’ नावाची शून्य बाइटची रिकामी फाइल ठेवायची. आत काहीच नसतं, पण ती आहे याचाच अर्थ बाकी सगळं पूर्ण आहे. ट्रिगर मालाला न बांधता या रिकाम्या फाइलीला बांधायचा.

पाइपलाइनची वेळापत्रकं सांभाळणाऱ्या साधनांत एअरफ्लोचं नाव सर्वाधिक ऐकू येतं. एअरबीएनबी कंपनीत मॅक्सिम बोशमॅं यांनी २०१४मध्ये ते सुरू केलं, पुढच्या वर्षी खुलं झालं आणि आता ते अपाची प्रतिष्ठानाकडे आहे. कोणता टप्पा कोणत्या टप्प्यानंतर, हे त्यात लिहून ठेवता येतं. एक टप्पा फसला की पुढचे थांबतात, फसलेला काही वेळाने पुन्हा चालवून बघितला जातो. नवख्यांना त्यातली एक गोष्ट हमखास बुचकळ्यात पाडायची. २०२५च्या ३.० आवृत्तीआधी रोजच्या पाइपलाइनचा १४ जुलैचा रन, म्हणजे त्या दिवसाची फेरी, आपसूक सुरू व्हायचा तो १५ जुलैची मध्यरात्र उलटल्यावर. वाटायचं, साधन एक दिवस मागे पडलं आहे. पण दुकानाचा १४ तारखेचा रोजमेळ १४ला संध्याकाळी सातला लिहायला बसलं तर आठच्या गिऱ्हाइकाचं काय? दिवस संपल्याशिवाय त्या दिवसाचा हिशेब पुरा होत नाही, आणि रोजमेळावर तारीख पडते ती हिशेबाच्या दिवसाची, लिहिण्याच्या दिवसाची नव्हे. एअरफ्लोची ‘तारीख’ तशी होती.

हा वरवर किचकट वाटणारा नियम मागचे दिवस पुन्हा चालवताना उपयोगी पडतो. विजेच्या मागणीचे लगोलग मिळणारे आकडे कच्चे असतात. मीटरचे पक्के आकडे मागाहून, आठवड्याच्या हिशेबात येतात. ते आले की मागचा आठवडा पुन्हा चालवावा लागतो. अशा वेळी कोडमध्ये कुठे ‘आत्ताची वेळ’ विचारली असेल तर मागच्या मंगळवारचा रन आजचं हवामान घेऊन बसेल. त्याहून वाईट म्हणजे, मंगळवारी जो हवामान अंदाज हातात होता त्याऐवजी मंगळवारी प्रत्यक्ष काय तापमान होतं तेच मॉडेलला मिळेल. मग चाचणीत मॉडेल फार हुशार दिसतं आणि दुसऱ्या दिवशी बाजारात तोंडघशी पडतं. त्यामुळे प्रत्येक टप्प्याने वेळ विचारायची ती घड्याळाला नाही, आपल्या रनच्या तारखेला. आणि जुने हवामान अंदाज जसेच्या तसे जपून ठेवायचे, कारण ते पुन्हा कुणी बनवून देत नाही.

एअरफ्लोच्या २०२२मधल्या २.४ आवृत्तीपासून ‘हा डेटा बदलला की ते काम चालव’ असं थेट सांगता येतं. सोय चांगली आहे, पण ती नेमकं काय बघते ते समजून घ्यायला हवं. तिथे एखादा टप्पा यशस्वी झाला की त्याने जाहीर केलेला डेटा ‘बदलला’ असं मानलं जातं. त्या फाइलीत खरंच काही नवं आहे का, हे एअरफ्लो उघडून बघत नाही.

तर मग घड्याळ की डेटा? माझ्या मते अशा कामात दोघांची जागा वेगळी आहे आणि ती वाटून दिली की भांडण मिटतं. सुरुवात डेटाने करावी, शेवट घड्याळाने. म्हणजे नऊपासून सेन्सर फाइली बघत राहील. ४३ तासांपर्यंतच्या सगळ्या आल्या की पाइपलाइन सुटेल. पण नऊ चाळीस वाजले आणि अजून त्या पुऱ्या नाहीत, तर वाट बघणं सोडायचं आणि काल रात्री साडेअकराच्या फेरीचे निकाल घेऊन कामाला लागायचं. ते थोडे शिळे असतात, पण पूर्ण असतात. तेही नसतील तर मागच्या आठवड्यातल्या त्याच वाराची मागणी तशीच पुढे ठेवायची. हा शेवटचा पर्याय ओबडधोबड आहे आणि विजेच्या धंद्यातली माणसं मॉडेल नव्हती तेव्हाही असंच काहीसं करत होती. मात्र तक्त्याच्या माथ्यावर स्पष्ट लिहिलेलं असावं, की आजचा अंदाज कोणत्या पायरीवरचा आहे. बोली लावणाऱ्याला ते कळलं की तो त्या बेताने सावध राहतो. अनेक ठिकाणी ही पायरी लपवली जाते. पडद्यावर रोज एकाच रंगाची सुबक रेघ उमटते आणि तिच्यामागे कधी ताजं हवामान असतं, कधी कालचं, कधी काहीच नाही.

१ जून २०२० पासून भारतात विजेचा तत्काळ बाजारही सुरू झाला. तिथे दिवसाला ४८ लिलाव, प्रत्येक लिलाव अर्ध्या तासाच्या विजेचा, बोलीला पंधरा मिनिटं. इथे पाइपलाइन दर अर्ध्या तासाने चालते आणि वेगळाच पेच पडतो: एखादा रन रेंगाळून पस्तीस मिनिटं चालला तर पुढचा त्याच्या अंगावर येतो. कुबरनेटिस या प्रणालीत अशा वेळी काय करायचं याचे तीन पर्याय आहेत: दोन्ही चालू द्या, नवा अडवा किंवा जुना मारून नवा चालवा. मुद्दाम काही निवडलं नाही तर पहिला लागू होतो, आणि अंदाजाच्या कामाला नेमका तोच घातक. रेंगाळलेला जुना रन नव्याच्या नंतर संपतो आणि ताज्या अंदाजावर आपला शिळा अंदाज लिहून मोकळा होतो. तत्काळ बाजारासाठी जुना मारणंच बरं. ज्या अर्ध्या तासाची बोली संपली त्याचा अंदाज पुरा करून मिळवायचं काय?

निरोपांवर चालणाऱ्या ट्रिगरचीही अशीच एक खोड आहे. क्लाउडमधल्या निरोप पोचवणाऱ्या बहुतेक सेवा ‘निदान एकदा’ पोचवण्याची हमी देतात, ‘नेमका एकदा’ची नाही. एकच निरोप दोनदा येऊ शकतो. त्यामुळे तीच पाइपलाइन त्याच तारखेसाठी दोनदा चालली तरी निकाल एकच राहील अशी ती लिहावी लागते. अंदाजाच्या ९६ ओळी तक्त्याच्या शेवटी जोडत गेलो तर दोन रननंतर १९२ होतील. त्या तारखेच्या जुन्या ओळी काढून नव्या लिहिल्या तर कितीही वेळा चालवा, ९६च राहतील.

आतापर्यंत बोललो ते रोजच्या अंदाजाबद्दल. मॉडेलला पुन्हा शिकवायचं कधी, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं वेळापत्रक वेगळं हवं. इथे तिसऱ्या जातीचा ट्रिगर येतो: मॉडेलची कामगिरी घसरली किंवा डेटाचं रूप बदललं, की आपोआप पुन्हा शिकवणी सुरू. या घसरणीला ड्रिफ्ट म्हणतात. ऐकायला हे फार मोहक आहे. यंत्र स्वतःच ओळखेल की आपण जुने झालो आणि स्वतःच ताजं होईल. मला या ट्रिगरची सगळ्यात जास्त धास्ती वाटते.

जूनमधला एखादा दिवस घ्या. हवामान अंदाज म्हणाला कोरडं राहील, आणि पाऊस बदाबदा कोसळला. शहरात एसी बंद झाले, शेतात पंप बंद झाले, मागणी धाडकन उतरली. मागणीचा अंदाज पार चुकला. ड्रिफ्टवर नजर ठेवणारा ट्रिगर म्हणेल: चूक वाढली, मॉडेल शिकवा. पण मॉडेलची यात काही चूक नाही. त्याला सांगितलेलं हवामान चुकलं. हे तपासायचा मार्ग सोपा आहे आणि तरी फार थोडे लोक वापरतात. दुसऱ्या दिवशी तेच मॉडेल प्रत्यक्ष हवामान देऊन पुन्हा चालवायचं. चूक नाहीशी झाली तर दोष हवामानाचा. तरीही उरली तर मॉडेलकडे बघायचं. ट्रिगर लावायचाच तर तो या उरलेल्या चुकीवर लावावा, आणि एका दिवसाच्या नव्हे, दोन-तीन आठवड्यांच्या.

खरा ड्रिफ्ट असतोच, नाही असं नाही. महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे शेतीपंपांचा वीजपुरवठा सौर वाहिन्यांवर आणि दिवसाकडे सरकतो आहे. पूर्वी त्यांचा बराच भार रात्री असायचा. फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेनंतर घरांच्या छपरांवर पॅनल वाढत आहेत, त्यामुळे दुपारी ग्रिडकडून मागितली जाणारी वीज घटते. तोच वार, तेच तापमान, पण दुपारी दोनची मागणी दोन वर्षांपूर्वीसारखी राहिलेली नाही. मॉडेलने शिकलेलं नातंच बदललं आहे. ही चूक हळूहळू, एकाच दिशेने आणि दिवसाच्या ठरावीक तासांत वाढते. त्यामुळे सरासरी चुकीत ती दडून राहते; ९६ तुकड्यांची चूक वेगवेगळी मांडली तरच दिसते.

२०२०च्या वसंतात तर दोन्ही जातींचे धक्के एकाच वेळी बसले. २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली, कारखाने आणि कचेऱ्या थांबल्या, मागणी कोसळली. मागच्या पाच वर्षांवर शिकलेली मॉडेलं एका रात्रीत निकामी झाली. फक्त शेवटच्या दोन आठवड्यांवर पुन्हा शिकवली तर ती टाळेबंदीत बरी चालणार, पण कारखाने उघडू लागले की पुन्हा उलट्या दिशेने चुकणार. किती मागचा डेटा घ्यायचा हे त्या वेळी कुठलाही ट्रिगर सांगू शकत नव्हता. ते वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसालाच ठरवायचं होतं.

त्यात ५ एप्रिल उजाडला. रात्री ९ वाजता ९ मिनिटं घरातले दिवे मालवा, असं आवाहन पंतप्रधानांनी ३ एप्रिलला केलं होतं. राष्ट्रीय ग्रिड सांभाळणाऱ्या पोसोकोने हिशेब मांडला, की १२ ते १४ हजार मेगावॅटची घट होईल. प्रत्यक्षात घट सुमारे ३१ हजार मेगावॅटची झाली. जलविद्युत केंद्रं झपाट्याने उतरवून आणि नंतर तितक्याच झपाट्याने चढवून ग्रिड सांभाळलं गेलं, कारण त्यांच्याइतकी चपळाई कोळशाच्या केंद्रांत नसते. आता विचार करा: अशा रात्रीचा सुगावा आधी देणारा ड्रिफ्ट-ट्रिगर असू शकतो का? माहिती होती, पण ती दूरचित्रवाणीवरच्या भाषणात होती, डेटाच्या कोठारात नव्हती. म्हणून कितीही स्वयंचलित पाइपलाइन असो, तिला एक साधं बटण हवं, जे माणूस दाबू शकेल, आणि एक रकाना हवा जिथे माणूस ‘आज रात्री नऊला इतकं कमी करा’ असं लिहू शकेल. शिवाय ती पंधरा-वीस मिनिटं शिकवणीच्या डेटातून वगळायला हवीत, नाहीतर मॉडेल पुढच्या वर्षीही ५ एप्रिलच्या रात्री नऊला दिवे मालवून बसेल.

आपोआप शिकवणीचा आणखी एक धोका विजेच्या बाबतीत खास आहे. भारनियमन झालं तर मीटरवर जी नोंद होते ती दिलेल्या विजेची. लोकांना हवी होती ती त्याहून जास्त. या नोंदीवर मॉडेल शिकलं तर ते पुढच्या वेळी कमी मागणी सांगेल, कमी वीज घेतली जाईल, पुन्हा भारनियमन होईल आणि तो आकडा पुन्हा शिकवणीत जाईल. चूक स्वतःलाच बरोबर ठरवत जाते आणि चुकीवर नजर ठेवणारा ट्रिगर गप्प बसतो, कारण अंदाज आणि नोंद जुळत असतात. शिकवण्याआधी तुटलेली मागणी मिळवून घेणं हा त्यावरचा उपाय. ती नोंद वाहिन्या बंद-चालू करणाऱ्या विभागाकडे असते, मॉडेल बनवणाऱ्यांकडे नव्हे, त्यामुळे तो उपाय बहुधा बैठकीतच अडतो.

म्हणून शिकवणीचा ट्रिगर आपोआप सुटला तरी नवं मॉडेल आपोआप कामाला लागू नये, असं माझं मत आहे. ते आधी जुन्याच्या शेजारी बसावं. काही आठवडे दोघांचेही अंदाज निघावेत, बोली जुन्याच्या जोरावर लागावी, आणि दोघांच्या चुका तुकड्यागणिक शेजारी मांडून कुणीतरी सही करावी. याने दोन-तीन आठवड्यांचा उशीर होतो. सौर वाहिन्यांसारखा बदल महिनोन्‌महिने चालतो. त्याला इतका उशीर परवडतो.

राहिला तो रन, जो झालाच नाही. फसलेला रन बोंब मारतो: लाल होतो, संदेश पाठवतो. न झालेला रन काहीच करत नाही. सर्व्हर बंद पडला, कुणी वेळापत्रकाची ओळ खोडली, सेन्सर अनंतकाळ वाट बघत बसला, तर चूक नोंदवायला जागेवर कुणी नसतंच. म्हणून पहारा उलटा लावावा लागतो. दुसऱ्याच यंत्रावर एक छोटं काम ठेवायचं, जे नऊ पन्नासला फक्त इतकं बघेल, की तक्ता आला का, त्यात ९६ ओळी आहेत का, तारीख उद्याचीच आहे का, आणि आकडे कालच्या तक्त्याशी तंतोतंत सारखे तर नाहीत ना. शेवटची तपासणी विनोदी वाटते, पण शिळ्या डेटावर हिरवी खूण मिळवणारा रन तिथेच सापडतो. यातलं काही बिनसलं तर पहिला फोन मॉडेल लिहिणाऱ्याला नको, बोली लावणाऱ्याला जावा. त्याच्या हातात अजून दोन तास आहेत आणि मागच्या आठवड्याचा तक्ता आहे. इंजिनिअर दुपारी सावकाश दुरुस्ती करून त्या दिवसाचा रन पुन्हा चालवू शकतो. मात्र त्या रनवर ‘उशिरा’ असा शिक्का राहू द्यावा. नाहीतर महिनाअखेरीला अचूकतेच्या तक्त्यात तोही वेळेवर आल्यासारखा मिरवतो.